पहिल्या बॅचने कुणाला विचारायचं?

नवं शैक्षणिक धोरण आलं आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या फॉर्मवर एक नवा रकाना आला: ओपन इलेक्टिव्ह. पोरं त्याला नुसतं 'ओई' म्हणतात. राज्य सरकारच्या २० एप्रिल २०२३च्या शासन निर्णयानुसार हा विषय आपल्या मुख्य विषयाच्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे बी.कॉम.ची मुलगी इतिहास, मानसशास्त्र किंवा तत्त्वज्ञानाचा एखादा पेपर घेऊ शकते, आणि बी.ए.चा मुलगा वाणिज्याचा किंवा विज्ञानाचा. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत हे २०२४-२५ पासून सुरू झालं. कल्पना चांगली आहे. पण यातले कित्येक पेपर नवेकोरे आहेत आणि ते आधी शिकलेला माणूस शोधून सापडत नाही.

माझ्या मामेबहिणीसमोर गेल्या वर्षी हाच रकाना होता. ती नालासोपाऱ्यात राहते, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. यादीतला नीतिशास्त्राची तोंडओळख करून देणारा एक पेपर तिच्या मनात भरला होता. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र दुसऱ्याच पेपरचं नाव फिरत होतं, कारण तो 'स्कोअरिंग' आहे अशी खबर होती. ही खबर मुळात दिली कुणी, ते कुणालाच माहीत नव्हतं. तिने मला विचारलं, "दादा, हा घेऊ का? आधी कुणीच घेतलेला नाहीये. कसा आहे ते कळणार कसं?"

तिने आपल्या परीने शोध घेतला होता. कॉलेजचं नाव टाकल्यावर नकाशावर चार पूर्णांक काहीतरी तारे दिसले. खालचे अभिप्राय कँटीनच्या वडापावबद्दल, पार्किंगबद्दल आणि फी भरायच्या रांगेबद्दल होते. पेपरबद्दल एक ओळही नव्हती.

आमची पिढी चपलेपासून डॉक्टरपर्यंत सगळं रिव्ह्यू वाचून ठरवते. रिव्ह्यू नसले की हात आखडतो. पण तिच्या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडलं नाही, कारण त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. ज्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही ते निवडायचं कसं, हा एक. आणि स्वतःला काही माहीत नसताना दुसऱ्याला ते निवड म्हणून सांगायचं कुठल्या तोंडाने, हा दुसरा.

शांततेचा अर्थ

पहिल्यांदा हे पाहू, की रिव्ह्यू नसणं म्हणजे नेमकं काय.

आपण नकळत असं धरून चालतो, की कुणी बोलत नाही म्हणजे त्यात बोलण्यासारखं काही नसणार. पण कुठल्या गोष्टीबद्दल बोललं जातं हे तिच्या गुणवत्तेपेक्षा भोवतीच्या माणसांवर जास्त ठरतं. दक्षिण मुंबईतल्या एखाद्या नावाजलेल्या कॉलेजात कोणते प्राध्यापक कसं शिकवतात, हे तिथे शिकलेली ताई, आत्या, शेजारचे काका सांगू शकतात. विरार-नालासोपाऱ्याच्या चाळीत आणि नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी तीच पहिली असतात. त्यांच्या ओळखीत बी.ए. तत्त्वज्ञान केलेला माणूस नसतो. म्हणजे रिव्ह्यूंचा दुष्काळही सगळीकडे सारखा नाही. जिथे माणसं आधीच गेलेली आहेत तिथे माहिती आहे, आणि माहिती आहे म्हणून आणखी माणसं जातात. बाकीच्या ठिकाणी शांतता असते. तिचा अर्थ 'वाईट' असा लावणं अन्यायाचं आहे.

मग थोडेफार रिव्ह्यू असतील तर? अठराव्या शतकातल्या लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाचा एक सोपा नियम आमच्या धंद्यात अजून कामाला येतो. जितक्यांनी 'चांगलं' म्हटलं त्यात एक मिळवा, आणि एकूण मतं देणाऱ्यांत दोन मिळवून त्याने भागा. तिघांपैकी तिघांनी 'मस्त' म्हटलं तर उत्तर येतं चार पंचमांश, म्हणजे ८० टक्के. तीनशेपैकी तीनशेंनी म्हटलं तर जवळजवळ शंभर. आणि कुणीच काही म्हटलं नसेल तर एक द्वितीयांश. मला या नियमाचा प्रामाणिकपणा आवडतो. माहिती नसेल तेव्हा तो 'वाईट' म्हणत नाही, 'अर्धंअर्धं' म्हणतो. आपण मात्र मनातल्या मनात शून्य रिव्ह्यूंना शून्य तारे देऊन टाकतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवरची गर्दी तर याहून फसवी असते. संध्याकाळी स्टेशनवर उभं राहून पाहा. गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर येणार हे नक्की कळत नसतं. एक माणूस पुलाकडे पळत सुटतो. त्याला कदाचित पलीकडच्या रिक्षास्टँडवर जायचं असेल. त्याला पाहून दुसरा पळतो, दोघांना पाहून दहा, आणि दहांना पाहून अख्खा प्लॅटफॉर्म. शंभर माणसं धावतायत म्हणजे शंभर जणांना काहीतरी माहीत आहे असं वाटतं, प्रत्यक्षात माहिती एकाच्याच डोक्यात असते, आणि कदाचित त्याच्याही नसते. सुशील बिखचंदानी, डेव्हिड हर्शलायफर आणि आयव्हो वेल्च या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये या प्रकाराची रीतसर मांडणी केली. त्यातली गंमत अशी, की मागचा प्रत्येक माणूस आपल्या जागी शहाणपणानेच वागत असतो. समोर इतके लोक धावताना दिसत असतील तर स्वतःच्या अंदाजापेक्षा त्यांच्यावर विसंबणं वाजवीच वाटतं. तरी सगळे मिळून चुकीच्या प्लॅटफॉर्मवर पोचू शकतात.

मामाचं म्हणणं होतं, "सगळी पोरं घेतायत तोच घे. नोट्स तरी मिळतील." मी त्याला हसलो नाही. मामाचं नालासोपारा पूर्वेला झेरॉक्सचं दुकान आहे. नोट्स कशा फिरतात आणि कुणाला वेळेवर मिळत नाहीत, हे त्याच्याइतकं जवळून पाहिलेला माणूस आमच्या घरात नाही. गर्दी हा गरिबांचा विमा असतो. पेपर अवघड निघाला तर सगळ्यांनाच अवघड जातो, एकट्याला जात नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवावं, की गर्दी सोबत देते, ज्ञान देईलच असं नाही.

जीभ बदलते तेव्हा

समजा, उद्या त्या पेपरला पाचशे रिव्ह्यू आले. मग प्रश्न सुटेल?

वसईची सुकेळी घ्या. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात. तुम्ही कधी खाल्ली नसतील आणि पाचशे जणांनी छान म्हटलं, तर तुम्हालाही आवडायची शक्यता बरीच. कारण खाण्याआधीची आणि खाल्ल्यानंतरची जीभ एकच असते. तुम्हाला गोड आवडतं की नाही हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे, आणि सुकेळं खाऊन ते बदलणार नाही.

मानव्यविद्येचा पेपर चांगला शिकवला गेला तर तो जिभेलाच हात घालतो. 'न्याय म्हणजे काय' यावर तीन महिने विचार केलेली मुलगी तीन महिन्यांनंतर वेगळ्या गोष्टींवर चिडते आणि वेगळ्या गोष्टींना भारी म्हणते. आज ती 'मला आवडेल का?' असं विचारतेय. पण उत्तर द्यायची वेळ येईल तेव्हा त्या वाक्यातली 'मला' थोडी दुसरीच असेल.

अमेरिकन तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांनी २०१४च्या आपल्या पुस्तकात यासाठी एक चमत्कारिक उदाहरण घेतलंय. समजा, तुम्हाला व्हॅम्पायर व्हायची संधी आहे. जे झाले ते सगळे सांगतात, हे आयुष्य अफाट आहे, होऊनच जा. पण त्यांच्या सांगण्यावर विसंबायचं कसं? ते व्हॅम्पायर झाल्यावर बोलतायत. तुमच्या मोजपट्टीने त्यांनी मोजलेलंच नाही. पॉल यांचा पुढचा मुद्दा असा, की पहिलं मूल होणं किंवा काही करिअर निवडणं हे असंच असतं. आधी बसून फायद्यातोट्याचा ताळेबंद मांडता येत नाही, कारण ताळेबंद मांडणाराच पुढे बदलणार असतो.

मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा माहितीची टंचाई अजिबात नव्हती. कटऑफ, प्लेसमेंटचे आकडे, सरासरी पॅकेज, ब्रँचनिहाय तुलना, सगळं टेबलात मिळायचं. ती तुलना शक्य होती कारण सगळे एकाच गोष्टीची वाट पाहत होते आणि ती गोष्ट शिक्षण संपल्यावरही तीच राहणार होती: पगार. मानव्यविद्येकडे असा आकडा नाही, हे तिचं न्यून समजलं जातं. मला वाटतं, तिथे मोजायची गोष्टच वेगळी आहे.

पण इथे जास्त फुगवून सांगायलाही नको. क्रेडिटच्या हिशेबाने २ क्रेडिटचा पेपर म्हणजे साधारण ३० तास. तीस तासांत कुणी व्हॅम्पायर होत नाही. अनेक मुलं गाइड पाठ करून तो पेपर देतील आणि अंगावर ओरखडाही न उमटता बाहेर पडतील. 'हा कोर्स तुमचं आयुष्य बदलेल' असं म्हणणारा जाहिरात करतोय असं समजावं. मुद्दा इतकाच, की बदलाची शक्यता आहे, आणि रिव्ह्यूंची संख्या वाढवून ती शक्यता आधी मोजता येत नाही.

आप्त कोण?

दुसऱ्याच्या सांगण्यावर कधी आणि किती विश्वास ठेवायचा, यावर आपल्याकडच्या न्यायदर्शनात फार बारकाईने विचार झालेला आहे. ज्ञान मिळवायचे चार मार्ग नैयायिक मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातला शब्द म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. त्या विश्वासू माणसाला ते 'आप्त' म्हणतात. आज आपण नातेवाइकांना आप्त म्हणतो, म्हणून हा शब्द जरा जपून वाचायला हवा. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्ताच्या दोन अटी सांगितल्या आहेत. त्या माणसाने ती गोष्ट स्वतः जाणलेली हवी. आणि जशी जाणली तशीच सांगायची त्याची इच्छा हवी. पुढे तो म्हणतो, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे सांगणारा कुठल्या कुळातला, किती मोठा, हे इथे गैरलागू.

आता ही चाळणी लावून पाहा. नकाशावर तारे देणाऱ्याने कॉलेज पाहिलंय, पेपर नाही. तो पहिल्या अटीतच गळतो. 'स्कोअरिंग आहे' म्हणणारा ग्रुपवरचा मुलगा पहिल्याच वर्षाला आहे, तोही गळतो. तो पेपर शिकवणारे प्राध्यापक पहिली अट पुरी करतात. दुसरीबद्दल मात्र विचार करावा लागतो, कारण वर्गात पुरेशी मुलं आली नाहीत तर पेपर चालणार नाही, आणि हे त्यांना माहीत असतं. म्हणून ते खोटं बोलतात असं नाही. पण त्यांना 'पेपर चांगला आहे का?' असं विचारण्यात अर्थ नाही. 'परीक्षेत काय लिहायला सांगता?' असं विचारलं तर उत्तरात फुगवण्यासारखं काही उरत नाही.

आणि मी? आमच्या घरात मी आयटीवाला. लॅपटॉप, गुंतवणूक, गुडघेदुखीचे डॉक्टर, सगळ्यावर माझं मत विचारलं जातं. पण नीतिशास्त्र मी कुठल्या वर्गात बसून शिकलेलो नाही. वात्स्यायनाच्या हिशेबाने मी तिचा नातेवाईक होतो, आप्त नव्हतो. तेवढं मी तिला सांगून टाकलं.

तिसरं प्रमाण, उपमान, हेही इथे कामाचं आहे. त्याचं जुनं उदाहरण गवयाचं. गवय हा रानातला प्राणी तुम्ही कधी पाहिलेला नाही. कुणीतरी सांगतं, तो गायीसारखा दिसतो. मग तुम्ही रानात जाता, गायीसारखं पण गाय नसलेलं जनावर दिसतं, आणि तुम्हाला कळतं: हाच गवय. सुकेळ्याचं वर्णन कुणी 'खजुरासारखं, पण केळ्याचं' असं करावं, तसं. उत्तम रिव्ह्यूसुद्धा एवढंच करू शकतो. ओळखायची खूण देतो, रानात मात्र आपल्यालाच जावं लागतं.

रानात किती आत जाता येतं

अर्थात रानाच्या कडेपर्यंत जायला कुणाची बंदी नाही. अभ्यासक्रमाच्या पीडीएफ विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतात. तो चार-पाच पानांचा मजकूर बहुतेक जण उघडतच नाहीत. तो वाचताना विषयांची नावं सोडून क्रियापदं पाहावीत. मुलांनी 'व्याख्या लिहायची' आहे, 'टिपा लिहायच्या' आहेत, की एखादा प्रसंग घेऊन 'बाजू मांडायची' आहे? वाचायला मूळ लेखन दिलंय की नुसतं पाठ्यपुस्तक? इंटर्नलचे गुण कशावर?

दुसरं म्हणजे शिकवणाऱ्या माणसाचं दुसरं कुठलंही लेक्चर. पेपर नवा असला तरी प्राध्यापक बहुधा नवे नसतात. त्यांच्या जुन्या विषयाच्या वर्गात परवानगी घेऊन वीस मिनिटं मागच्या बाकावर बसलं तरी बरंच कळतं. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ते काय उत्तर देतात, पाहावं. हे प्रत्यक्ष प्रमाण आहे, आणि त्याला एकही रिव्ह्यू लागत नाही.

तिसरं, विषय गावाला कुठे टेकतो का. समजा, यादीत प्राचीन इतिहासाचा पेपर आहे. नालासोपाऱ्याच्या मुलीसाठी तो पुस्तकातच अडकून राहायची गरज नाही. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्यात बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा टेकाड खणला आणि तिथे बौद्ध स्तूप निघाला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच सापडला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला मिळाला. हे सगळं शेअर रिक्षाच्या टप्प्यात आहे. तेव्हा प्राध्यापकांना विचारावं, तुम्ही मुलांना तिथे नेता का? या एका प्रश्नाच्या उत्तरातून त्या पेपरबद्दल पन्नास ताऱ्यांपेक्षा जास्त कळेल.

आधी कुणीच नसताना

तरीही शेवटी एक उडी उरतेच. सगळी विचारपूस झाल्यावरसुद्धा 'आधी कुणी गेलेलं नाही' ही गोष्ट तशीच राहते. अशा जागी उभ्या राहिलेल्या माणसांची आपल्या इतिहासात कमतरता नाही.

मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, भारतातला पहिला. प्रमुख होते पॅट्रिक गेडिस, मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि पुढे नगररचनाकार. मालवणात जन्मलेले गो. स. घुर्ये तेव्हा संस्कृतचे उत्तम विद्यार्थी म्हणून नाव मिळवून होते. संस्कृतची वाट मळलेली होती. तरी ते या नव्या विषयाकडे वळले, इंग्लंडला जाऊन केंब्रिजला शिकले आणि १९२४ मध्ये या विभागाचे प्रमुख झाले. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेल्या इरावती कर्वे त्यांच्याकडे समाजशास्त्र शिकायला आल्या. तेव्हा या विषयाचे सीनियर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असणार, आणि त्यात बाई तर विरळाच.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा कितीतरी विषयांचे वर्ग घेतले. भारतातील जातींवरचा त्यांचा पहिला मोठा निबंध त्यांनी ९ मे १९१६ रोजी वाचला, तो अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. आजच्या भाषेत सांगायचं तर मुख्य शाखेबाहेरच्या पेपरात. त्यांच्या समाजातून त्या वर्गात आधी कोण बसलं होतं, की त्याला विचारावं?

ही उदाहरणं वाचून अंगावर काटा येतो, आणि नेमक्या त्याच वेळी सावध व्हायला हवं. ही नावं आपल्याला माहीत आहेत कारण ती यशस्वी झाली. अनोळखी वाट धरून मधेच थांबलेल्या, घरी परतलेल्या, कर्जात गेलेल्या मुलांची नावं कुठे छापून येत नाहीत. तेव्हा 'बाबासाहेबांनी घेतला, तूही घे' हा युक्तिवाद होत नाही. या उदाहरणांतून एवढंच सिद्ध होतं, की आधी कुणी न जाणं हे न जाण्याचं कारण पुरेसं नाही.

धोका कुणाचा?

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त टोचत होता. महिन्याच्या महिन्याला पगार जमा होणाऱ्या माणसाने एका झेरॉक्सवाल्याच्या मुलीला 'मनाचं ऐक' म्हणून सांगणं सोपं असतं. पेपर भिकार निघाला तर मार्क तिचे जाणार, एटीकेटी तिला लागणार, आणि मामीचा चेहरा तिला बघावा लागणार. माझं काहीच जाणार नाही.

म्हणून धोक्याचं माप आधी काढलं. सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट असतात. त्यातले २ क्रेडिट या पेपरचे. तो फसला तर वाईट वाटेल, पण पदवी बुडणार नाही. तेच कुणी अख्खी तीन वर्षं तत्त्वज्ञानाला द्यावीत का असं विचारलं असतं, तर मी घरची परिस्थिती, पुढची एम.ए., बी.एड., स्पर्धा परीक्षा, सगळं काढून बसलो असतो. मोठ्या निर्णयाला लागणारी भीती छोट्या निर्णयाला लावायची आपल्याला खोड आहे. ओईचा रकाना मुळात स्वस्तात धाडस करायची सोय म्हणून आलाय. तिथेही आपण फक्त 'स्कोअरिंग' शोधत राहिलो तर धाडसाची तालीम कधीच होणार नाही.

यात एक सार्वजनिक बाजूही आहे. प्रत्येकाने आधी दुसऱ्याने जावं आणि आपल्याला सांगावं असं ठरवलं, तर कुणीच जाणार नाही. पटावर मुलं कमी म्हणून पेपर बंद पडेल आणि पुढच्या वर्षीची यादी एका ओळीने आखूड होईल. म्हणजे फॉर्मवरची ती खूण एका परीने मतदानही असते. पण हे ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवायचं? तत्त्वज्ञान जिवंत राहावं म्हणून नालासोपाऱ्याच्या एका मुलीने आपले मार्क पणाला लावावेत, असं मी म्हणू शकत नाही. ज्याचा पडण्याचा खड्डा उथळ आहे त्याने आधी उडी मारावी, हे मला जास्त न्याय्य वाटतं.

मग तिला सांगायचं काय? प्लेटोच्या एका संवादात मेनो नावाचा तरुण सॉक्रेटिसला पेचात टाकतो: जे तुला मुळीच माहीत नाही ते तू शोधणार कसं, आणि सापडलं तरी हेच ते, हे ओळखणार कसं? सॉक्रेटिस भूमितीच्या एका कोड्याच्या आधाराने त्याला एक लांबलचक उत्तर देतो. त्या उत्तराच्या सगळ्या भागांची खात्री आपण देणार नाही, असंही तो कबूल करतो. पण शोधता येतं असं मानणारी माणसं अधिक धीट आणि कमी आळशी होतात, एवढ्यासाठी मात्र तो भांडायला तयार असतो. मला हे उत्तर पटतं, एका दुरुस्तीसह. सॉक्रेटिस त्या वेळी समोर बसलेला असतो. तो 'जा, शोध' म्हणून निघून जात नाही.

मी तिला 'घे' असं म्हणालो नाही. म्हणालो, "तुला घ्यायचा असेल तर मीही तुझ्याबरोबर वाचतो. नोट्स मिळाल्या नाहीत तर आपण रविवारी बसून करू." ज्याला माहिती देता येत नाही त्याने निदान धोक्यात वाटा उचलावा, सल्ला देण्याची एवढीच प्रामाणिक रीत मला सापडली. ज्ञान उसनं मिळत नसेल तिथे सोबत मिळू शकते. मामा ज्या विम्याबद्दल बोलत होता तो गर्दीतच मिळतो असं नाही, दोघांतही मिळतो.

तिने तो पेपर घेतला. तो तिला किती आवडला, मार्क किती पडले, हे मी इथे मुद्दामच लिहीत नाही. चांगला गेला म्हणून तेव्हाचा निर्णय बरोबर ठरत नाही आणि वाईट गेला म्हणून चूक ठरत नाही. निर्णयाचं मोल तो घेतला त्या दिवशी हातात काय होतं, त्यावर ठरतं.

मागे ठेवायचा शब्द

मात्र पेपर संपला की पहिल्या बॅचकडे एक गोष्ट जमा होते, जी त्याआधी जगात कुणाकडेच नसते. आता ते आप्त होऊ शकतात. पहिली अट आपोआप पुरी झालेली असते. दुसरी त्यांच्या हातात असते.

तुम्ही असा एखादा पेपर केला असेल तर पाच तारे देऊन सुटू नका. 'मस्त' आणि 'बकवास' या दोन शब्दांनी मागून येणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आत जाताना तुम्ही कोण होतात ते लिहा: कुठल्या शाखेचे, इंग्रजी कितपत जमायचं, काय अपेक्षा होती. मग तिथे नेमकं काय करायला लावलं ते लिहा: काय वाचलं, काय लिहिलं, वर्गात बोलायला मिळालं का. आणि शेवटी, आता कुठल्या गोष्टीकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहता, तेही. काहीच बदललं नसेल तर तसंही लिहा, तीही माहितीच आहे. मोजपट्टी बदलल्याचं तुम्ही सांगितलंत, तर वाचणाऱ्याला तुमच्या जुन्या पट्टीवर स्वतःला ठेवून पाहता येतं.

आणि लिहायचा कंटाळा येत असेल तर पुढच्या जूनमध्ये कॉलेजात प्रवेशाच्या रांगेशी जरा रेंगाळा. फॉर्म हातात घेऊन पेन चावत उभी असलेली एखादी मुलगी दिसेल. तिला विचारा, "ओईला काय घेतेयस?"